मध्य न्यू जर्सीत शाळा पाहून घर घेताना

मोगरा_पुणे (धागाकर्ती)

आम्ही सध्या जर्सी सिटीत भाड्याने राहतो. मुलगी सातवीत आणि मुलगा तिसरीत आहे. मुलीचे हायस्कूल (इथे नववी ते बारावी) सुरू होण्यापूर्वी स्वतःच्या घरात जायचे, एवढे ठरले आहे. नवऱ्याला आठवड्यातून काही दिवस मॅनहॅटनला जावे लागते, त्यामुळे नॉर्थईस्ट कॉरिडॉर या रेल्वेमार्गावरचे एखादे स्थानक घरापासून फार लांब नसावे. एडिसनचा उत्तर भाग, वेस्ट विंडसर-प्लेन्सबरो, साउथ ब्रन्सविक आणि माँटगोमेरी ही चार गावे यादीत उरली आहेत. आमच्या अंदाजपत्रकात एका गावी स्वतंत्र घर बसते, तर दुसऱ्या गावी जेमतेम टाउनहाऊस, म्हणजे शेजाऱ्याशी भिंत जोडलेले घर.

माझे प्रश्न दोन आहेत. पहिला असा की हायस्कूलला मिळणारे गुणांकन कसे वाचावे, कारण त्याच शाळेला एक संकेतस्थळ दहापैकी आठ देते आणि दुसरे ए प्लस. पुण्यात आम्ही दोघेही घरापासून लांबच्या शाळेत रिक्षाने जात होतो, त्यामुळे घराच्या पत्त्यावर सार्वजनिक शाळा ठरते ही गोष्ट कळली असली तरी अजून अंगवळणी पडलेली नाही. दुसरा प्रश्न नाजूक आहे. वस्तीत कोण राहते याला किती महत्त्व द्यावे? एजंटला सहज विचारले, की इथे आपली माणसे आहेत का, तर तिने विषयच बदलला. मी काही गैर विचारले का?

रॅरिटनकाठ

गैर तुमच्याकडून झालेले नाही, पण उत्तर दिले असते तर तिच्याकडून झाले असते. १९६८च्या फेअर हाउसिंग कायद्यानुसार वंश, वर्ण, धर्म, राष्ट्रीय मूळ इत्यादींच्या आधारावर ग्राहकाला एखाद्या वस्तीकडे वळवणे किंवा तिथून परावृत्त करणे बेकायदेशीर आहे, आणि ‘तुमची माणसे तिकडे भरपूर आहेत’ हे आपुलकीचे वाक्यही त्यातच मोडू शकते. हा कायदा आता निव्वळ कागदावर राहिला आहे असे समजू नका. न्यूयॉर्कच्या लाँग आयलंडवर ‘न्यूजडे’ या वृत्तपत्राने तीन वर्षे छुपे ग्राहक पाठवून तपास केला आणि २०१९मध्ये निष्कर्ष छापले. कृष्णवर्णीय ग्राहकांना सुमारे ४९ टक्के, हिस्पॅनिकांना ३९ टक्के आणि आशियाईंना १९ टक्के चाचण्यांमध्ये असमान वागणूक मिळाल्याच्या खुणा त्यात आढळल्या. तेव्हा लोकसंख्येची माहिती जनगणनेच्या संकेतस्थळावरून आणि शाळेची माहिती राज्याच्या शिक्षण खात्याच्या वार्षिक अहवालांतून स्वतः काढावी. एजंटकडून घराचे छप्पर, तळघरातील पाणी आणि मालमत्ता कर एवढेच विचारावे.

या निमित्ताने पत्त्याची एक गंमत सांगतो, जिच्यात अनेक जण फसतात. घराच्या जाहिरातीत ‘प्रिन्स्टन, ०८५४०’ असे लिहिलेले असते, पण हा केवळ टपाल खात्याचा पत्ता आहे. या पिनकोडची काही घरे साउथ ब्रन्सविकमध्ये, काही वेस्ट विंडसरमध्ये, काही लॉरेन्समध्ये आणि काही माँटगोमेरीत आहेत, आणि मुले त्या-त्या गावच्या शाळेत जातात. उलट क्रॅनबरीच्या मुलांना स्वतःच्या गावी हायस्कूल नाही, ती करारानुसार प्रिन्स्टन हायस्कूलमध्ये जातात. एकाच डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे गावच्या शाळा चालवणाऱ्या शालेय विभागात, दोन हायस्कुले असतील तर रस्त्यागणिक शाळा बदलते. एडिसनमध्ये जे. पी. स्टीव्हन्स आणि एडिसन हाय, वेस्ट विंडसर-प्लेन्सबरोमध्ये साउथ आणि नॉर्थ. घर विकणाऱ्या संकेतस्थळावर लिहिलेले शाळेचे नाव ग्राह्य न धरता, ऑफर देण्याआधी डिस्ट्रिक्टच्या कार्यालयाला घर क्रमांकासह विचारून लेखी उत्तर घ्यावे.

गणितमास्तर

पहिल्या प्रश्नावर थोडे सविस्तर लिहितो, कारण या आकड्यांवर लोक आयुष्यभराची कर्जे काढतात.

घरांच्या जाहिरातींशेजारी दिसणारा एक ते दहा हा आकडा बहुतेक वेळा ‘ग्रेटस्कूल्स’ या १९९८मध्ये सुरू झालेल्या संस्थेचा असतो. पूर्वी तो जवळजवळ पूर्णपणे परीक्षांतील गुणांवर आधारलेला होता. २०१७नंतर त्यात मुलांची प्रगती आणि वेगवेगळ्या गटांतील तफावत यांचाही हिशोब येऊ लागला. तरीही सरासरी गुण हा त्याचा मोठा आधार आहे, आणि सरासरी गुण हे प्रामुख्याने पालकांचे शिक्षण व उत्पन्न यांचे प्रतिबिंब असते. स्टॅनफर्डचे शॉन रीअर्डन यांनी देशभरातील तिसरी ते आठवीच्या मुलांच्या परीक्षांचा जो प्रचंड संच तपासला, त्यात सरासरी गुणांचा वस्तीच्या सांपत्तिक स्थितीशी घट्ट संबंध दिसला, परंतु मुले वर्षागणिक किती पुढे जातात याचा संबंध बराच सैल निघाला. शिकागोच्या सार्वजनिक शाळांतील मुले, ज्यांची सरासरी कमी आहे, ती तिसरी ते आठवी या पाच वर्षांत साधारण सहा वर्षांइतके शिकत होती. आपल्याकडचे शिकवणीवर्ग ‘आमचे यशस्वी विद्यार्थी’ असा फलक लावतात, पण ती मुले वर्गात येण्यापूर्वी कुठे होती ते कधी लिहीत नाहीत. गुणांकनाचा आकडाही तसाच वाचावा.

आता खास न्यू जर्सीतील मेख. राज्याच्या अहवालात प्रगतीचा जो आकडा मिळतो तो प्राथमिक आणि मिडल स्कूलच्या इयत्तांपुरता असतो. हायस्कूलसाठी तो जवळजवळ निरुपयोगी आहे. त्यात हायस्कूलच्या पानावर बीजगणिताच्या, म्हणजे अल्जेब्रा वनच्या, परीक्षेत किती टक्के मुले प्रवीण ठरली हे लिहिलेले असते. ज्या गावांत गणितात पुढे असलेली मुले हा विषय आठवीत किंवा सातवीतच उरकतात, तिथे हायस्कूलमध्ये ती परीक्षा देणारी मुले म्हणजे मागे राहिलेली मुले. त्यामुळे उत्तम शाळेचा हा आकडा चक्क वाईट दिसू शकतो आणि तो पाहून पालक घाबरतात. मिडल स्कूलचे आणि हायस्कूलचे आकडे एकत्र ठेवूनच बोलावे.

मी स्वतः काय पाहीन ते सांगतो. सतत गैरहजर राहणाऱ्या मुलांचे प्रमाण, शिक्षक किती वर्षे टिकतात, समुपदेशकामागे किती विद्यार्थी आहेत, आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल गटातील मुलांचे गुण स्वतंत्रपणे कसे आहेत. शेवटची गोष्ट सर्वांत बोलकी असते, कारण ज्या मुलांच्या घरी खासगी शिकवणी परवडत नाही त्यांना शाळेने काय दिले ते तिथे दिसते.

चाफेकळी

गणितमास्तर, तुमचे गणित मान्य आहे, पण निष्कर्ष मला अर्धाच पटतो. मुले शिक्षकांकडून जेवढे शिकतात तेवढेच सोबत्यांकडून उचलतात. आजूबाजूला अभ्यास करणारी मुले असावीत म्हणून पालक पैसे मोजत असतील तर ते आकड्याला भुलले आहेत असे म्हणता येत नाही, त्यांना जे हवे तेच ते विकत घेत आहेत. शिवाय घर विकताना समोरचा ग्राहक रीअर्डन वाचून येणार नाही, तो तोच दहापैकीचा आकडा पाहणार.

सँड्रा ब्लॅक या अर्थशास्त्रज्ञ बाईंचा १९९९चा अभ्यास या बाबतीत अजूनही वाचण्यासारखा आहे. त्यांनी बॉस्टनच्या उपनगरांत प्राथमिक शाळांच्या हद्दीच्या अलीकडची आणि पलीकडची घरे तुलनेला घेतली, म्हणजे वस्ती तीच, कर तोच, शाळा तेवढी वेगळी. परीक्षेतील गुण ५ टक्क्यांनी अधिक असतील तर पालक घरासाठी सुमारे अडीच टक्के अधिक मोजत होते. म्हणजे शाळेला किंमत आहे.

गणितमास्तर

चाफेकळी, त्याच अभ्यासाचा दुसरा अर्धा भाग असा आहे की हद्दीची ही युक्ती न वापरता, साध्या तुलनेने जो फरक दिसतो त्याच्या जवळपास निम्माच तो निघाला. उरलेला फरक शाळेचा नसून वस्तीचा होता, आणि ग्राहक मात्र तो सगळा शाळेच्या खात्यावर टाकतात. सोबत्यांचा मुद्दा खरा आहे. फक्त आठ गुणांच्या आणि दहा गुणांच्या शाळेत अभ्यास करणाऱ्या मुलांचा गट असतोच, त्यासाठी दीड लाख डॉलर जास्तीचे द्यावेत का एवढाच माझा प्रश्न आहे.

दिंडी_दरवाजा

आम्ही वेस्ट विंडसरमध्ये बरीच वर्षे आहोत आणि दोन्ही मुले इथल्या शाळांतून बाहेर पडली. शाळा चांगल्या आहेत, याबद्दल मला शंका नाही. पण मोगरा, तुम्ही वस्तीबद्दल विचारले आहे म्हणून २०१५चे प्रकरण सांगणे भाग आहे. डिस्ट्रिक्टचे अधीक्षक डेव्हिड एडरहोल्ड यांनी पालकांना सोळा पानी पत्र लिहिले, त्याची बातमी राष्ट्रीय वृत्तपत्रांत आली. आदल्या शैक्षणिक वर्षात डिस्ट्रिक्टमधील १२० विद्यार्थ्यांना मानसिक आरोग्य तपासणीसाठी पाठवण्याची शिफारस करावी लागली होती आणि चाळीस जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले होते. त्यानंतर हायस्कूलच्या सहामाही व वार्षिक परीक्षा बंद झाल्या, काही रात्री गृहपाठाविना ठेवल्या गेल्या, आणि चौथी-पाचवीच्या मुलांसाठी असलेला गणिताचा वेगवान वर्ग गुंडाळला गेला.

विद्यार्थ्यांपैकी सुमारे ६५ टक्के तेव्हा आशियाई वंशाचे होते, आणि पालकसभांत वांशिक रेषेवर दोन तट पडलेले मी स्वतः पाहिले. एका बाजूचे म्हणत, मुलांना श्वास घेऊ द्या. आपल्यापैकी अनेकांचे म्हणणे होते की आम्ही या देशात परीक्षेच्या जोरावर आलो आणि आता तुम्ही शिडीच काढून घेत आहात. दोन्ही बाजूंना आपल्या मुलांचेच हित हवे होते, हे आज इतक्या वर्षांनी सहज लिहिता येते, पण त्या सभागृहात तसे वाटत नसे.

आपली माणसे भरपूर असलेल्या गावाचे फायदे खरे आहेत. गणपतीला मुलीला शाळेत मोदक म्हणजे काय हे समजावावे लागले नाही, रविवारच्या मराठी शाळेसाठी लांब जावे लागले नाही, आजी-आजोबा सहा महिन्यांसाठी आले तर त्यांना फिरायला सोबत मिळाली. तोटा असा, की मुलांची तुलना शाळेत सुरू होते आणि पॉटलकपर्यंत, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणापर्यंत, पोहोचते. कुणाचे मूल कोणत्या गणितात, कुणाला सॅट या कॉलेजप्रवेशाच्या परीक्षेत किती, कुणाला कुठे प्रवेश, याशिवाय बोलणे होत नाही. तुमची मुलगी स्पर्धेत फुलणारी असेल तर तिला हे गाव मानवेल. कोमेजणारी असेल तर घर कितीही सुंदर असो, दोनदा विचार करा.

लोनस्टार_मराठी

टेक्सासमधून एक पुरवणी. आमच्याकडे १९९७च्या कायद्याने प्रत्येक हायस्कूलमधील वरच्या दहा टक्के विद्यार्थ्यांना राज्याच्या विद्यापीठांत थेट प्रवेश मिळतो. ऑस्टिनच्या विद्यापीठाने ही मर्यादा क्रमाने खाली आणली आणि २०२६च्या प्रवेशांसाठी ती पाच टक्क्यांवर आली. याचा अर्थ, डॅलसजवळच्या फ्रिस्को किंवा प्लेनोच्या अतिस्पर्धेच्या शाळेत बाराव्या टक्क्यावर असलेले मूल साध्या शाळेत आरामात वर बसले असते. न्यू जर्सीत असा कायदा नाही, पण नामांकित विद्यापीठे अर्जदाराची तुलना आधी त्याच्याच शाळेतील मुलांशी करतात, तेव्हा तत्त्व फारसे वेगळे नाही.

हद्दींबद्दल रॅरिटनकाठ यांनी लिहिलेच आहे. फ्रिस्कोत २०२२मध्ये बारावे हायस्कूल उघडले, आणि नवे हायस्कूल उघडले की हद्दी बदलतात. ‘त्या शाळेसाठी’ घर घेतलेल्यांची मुले मग दुसऱ्याच शाळेत जातात. घर तुमचे असते, हद्द शाळा मंडळाची असते.

मोगरा_पुणे (धागाकर्ती)

सर्वांचे आभार. दिंडी_दरवाजा, तुमचा प्रतिसाद आम्ही दोघांनी मोठ्याने वाचला. मुलगी शांत आहे, चित्रकलेत रमते, गणितात बरी आहे पण चढाओढ तिला आवडत नाही.

आता मोकळेपणाने विचारते. वर्गात ती एकटीच भारतीय असावी असे मला वाटत नाही, आणि वर्ग जवळजवळ सगळा भारतीय असावा असेही वाटत नाही. यासाठी टक्केवारी पाहून गाव निवडणे हे योग्य आहे का, की तेच ते ज्याच्याविरुद्ध कायदा केला आहे?

सह्यकडा

तुम्ही सरळ विचारले हे बरे केले, कारण बहुतेक घरांत हीच चर्चा ‘चांगली वस्ती’ या दोन शब्दांच्या आडून होते. कायद्याचे बंधन घर विकणाऱ्यावर, एजंटवर आणि बँकेवर आहे, ग्राहकाच्या मनावर नाही. तरीही वस्ती कशी बनते हे ठाऊक असावे.

या राज्यात ५६४ नगरपालिका आहेत आणि शाळांची डिस्ट्रिक्ट बहुतांशी त्यांच्याच सीमांना चिकटलेली आहेत. जिथे राहता तिथेच शिकायचे, हा नियम, आणि कुठे राहू शकता हे घराच्या किमतीवर. या व्यवस्थेमुळे कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुले वेगळी पडतात, असा दावा करणारा खटला २०१८मध्ये राज्य सरकारविरुद्ध दाखल झाला. ऑक्टोबर २०२३मध्ये न्यायाधीशांनी अनेक डिस्ट्रिक्टांत वांशिक विभाजन असल्याचे मान्य केले, मात्र संपूर्ण राज्याची व्यवस्थाच घटनाबाह्य ठरते हे सिद्ध झाल्याचे मानले नाही. त्याआधी १९७५ आणि १९८३च्या माउंट लॉरेल निकालांनी प्रत्येक नगरपालिकेवर परवडणाऱ्या घरांचा आपला वाटा उचलण्याचे बंधन घातले. आज एखाद्या उपनगरात अशा घरांचा प्रस्ताव आला की सभेत ‘शाळांत गर्दी होईल’ हा आक्षेप पहिला येतो, आणि तो घेणाऱ्यांत आपली माणसेही पुढे असतात. आपण त्या गावात गेलो तेव्हा आपल्यामुळेही गर्दी झालीच होती.

टक्केवारी वाचताना एक काळजी घ्या. ‘आशियाई’ हा रकाना फार ढोबळ आहे. एडिसनचे उदाहरण घ्या: २०१०च्या जनगणनेत तिथले सुमारे ४३ टक्के लोक आशियाई होते आणि त्यात भारतीयांचा वाटा मोठा, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या सुमारे २८ टक्के. २०२०पर्यंत आशियाई निम्म्याहून अधिक झाले. पण ओक ट्री रोडवर दुकान चालवणारे गुजराती कुटुंब, दोन वर्षांपूर्वी व्हिसावर आलेले तेलुगू जोडपे आणि तीस वर्षे इथे असलेला चिनी डॉक्टर हे सगळे त्या एका रकान्यात आहेत. मुलांचे शाळेतले जग त्यांच्यापैकी कोण शेजारी आहे यावर ठरते. वेस्ट विंडसरमधील ६५ टक्के आणि अन्यत्रचे ६५ टक्के एक नव्हेत.

मी तुमच्या जागी असतो तर आशियाईंचा टक्का पाहण्याआधी शाळेत कोणताही एक गट इतका मोठा आहे का, की बाकीचे पाहुण्यासारखे राहतील, हे पाहिले असते. आणि आर्थिक मिश्रण आवर्जून पाहिले असते. सगळ्यांची घरे सारख्याच किमतीची असलेल्या गावात वर्ग रंगीबेरंगी दिसला तरी अनुभव एकच असतो. साउथ ब्रन्सविकमध्ये अपार्टमेंट, टाउनहाऊस आणि मोठी घरे असे सर्व प्रकार आहेत. या दृष्टीने मला ते तुमच्या यादीतील सर्वांत रास्त गाव वाटते. दिंडी_दरवाजा कदाचित असहमत असतील.

दिंडी_दरवाजा

असहमत नाही. फक्त रेल्वेचा विचार करा. वेस्ट विंडसरमध्ये प्रिन्स्टन जंक्शन गावातच आहे. साउथ ब्रन्सविकमध्ये या मार्गावरचे स्थानक नाही, शेजारच्या गावी गाडी लावावी लागते. माँटगोमेरीहून तर रोजच्या प्रवासात मुलीशी बोलायची वेळच निघून जाईल.

चाफेकळी

कराचा हिशोब राहून गेला. २०२४मध्ये राज्यातील घरामागचा सरासरी मालमत्ता कर दहा हजार डॉलरच्या वर गेला आणि त्यातील निम्म्याहून अधिक रक्कम शाळांना जाते. या चारही गावांत तुम्ही पाहता तशा घरांना तो सरासरीपेक्षा अधिक पडण्याचीच शक्यता धरा. मुलगा तिसरीत आहे, म्हणजे शाळेचा उपयोग नऊ-दहा वर्षे होईल, पण त्यानंतरही कर चालूच राहतो. कर्जाच्या हप्त्यात तो मिसळून पाहा, म्हणजे स्वतंत्र घर की टाउनहाऊस याचा निम्मा निर्णय आपोआप होईल.

मोगरा_पुणे (धागाकर्ती)

मग आमचा कल असा होतो आहे: घर घेण्याची घाई न करता येत्या उन्हाळ्यात प्लेन्सबरोत किंवा साउथ ब्रन्सविकमध्ये भाड्याने जावे, मुलीला आठवीत तिथली शाळा पाहू द्यावी, आणि मग खरेदी करावी. भाडेकरूंच्या मुलांना शाळेत काही वेगळी वागणूक मिळते का? आणि विज्ञानाच्या ज्या खास काउंटी (जिल्ह्याच्या) शाळा आहेत, त्यांचे काय?

रॅरिटनकाठ

भाडेकरू आणि मालक यांत शाळा फरक करत नाही. नोंदणीसाठी भाडेकरार, वीज किंवा गॅसचे बिल, मुलांचे जन्मदाखले आणि लसीकरणाची नोंद लागते. हद्दीबाहेर राहून मूल घातल्याचे आढळले तर डिस्ट्रिक्ट शाळेचे शुल्क वसूल करू शकते, म्हणून नातेवाइकांचा पत्ता देण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका.

काउंटी शाळांबाबत तुमच्या यादीत एक फरक दडलेला आहे. वेस्ट विंडसर आणि प्लेन्सबरो यांचे डिस्ट्रिक्ट एक असले तरी वेस्ट विंडसर मर्सर काउंटीत आहे आणि प्लेन्सबरो मिडलसेक्समध्ये. मिडलसेक्सच्या खास शाळांपैकी दोन विज्ञानाच्या आहेत, एडिसनला विज्ञान, गणित व अभियांत्रिकीची आणि वुडब्रिजला आरोग्यविज्ञानाची. त्यांचे दार प्लेन्सबरो, साउथ ब्रन्सविक आणि एडिसनच्या मुलांना उघडे आहे, वेस्ट विंडसरच्या मुलांना नाही. माँटगोमेरी सॉमरसेट काउंटीत येते, तिथली व्यवस्था पुन्हा निराळी. अर्ज आठवीच्या पूर्वार्धातच करावे लागतात आणि काउंटीत वास्तव्य असावे लागते, तेव्हा पर्याय उघडा ठेवायचा असेल तर ऑगस्टपर्यंत भाडेकरार हातात असू द्या. मुलीला चित्रकला आवडते म्हणता, तर दोन्ही डिस्ट्रिक्टच्या हायस्कुलांची विषयसूची संकेतस्थळावरून उतरवून घ्या आणि कलेचे किती वर्ग चारही वर्षे सलग घेता येतात ते मोजा. कला विभागाच्या पर्यवेक्षकांना ईमेल केला तर ते सहसा उत्तर देतात.